शेताची वाट आणि तहसीलदाराचे न्यायालय

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालासुद्धा पाठ असते. न्यायालय म्हटले की वकिलाची फी, तारखेमागून तारीख, बापाने लावलेला दावा आणि नातवाने ऐकलेला निकाल, असेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. ते अगदीच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आज मी ज्या न्यायालयाविषयी बोलणार आहे, त्याची पायरी फार उंच नाही. ते आपल्या तालुक्याच्या गावीच आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव या पाचही तालुक्यांतले लोक त्याच्या दारावरून नेहमी ये-जा करतात. पण ते न्यायालय आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते म्हणजे आपल्या तहसीलदाराचे न्यायालय.

कायद्यात त्याचे नाव ‘मामलेदार न्यायालय’ असे आहे. मुंबई इलाख्यात ज्याला मामलेदार म्हणत, त्यालाच आपण मराठवाड्यातले लोक निजामाच्या काळापासून तहसीलदार म्हणत आलो. नाव वेगळे, खुर्ची तीच. हा कायदा १९०६ सालचा आहे. त्याच्याही आधी १८७६ साली मुंबई इलाख्यात असाच एक कायदा झाला होता. म्हणजे शेताची वाट आणि शेताचे पाणी यांवरून होणारी भांडणे ही आजकालची नव्हेत. रेल्वे आली, वीज आली, बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, तरी धुऱ्यावरची भांडणे आहेत तिथेच आहेत.

कायद्याची माहिती सांगण्याआधी मी तुम्हाला एक घडलेली हकीकत सांगतो. ती परक्या घरची नाही, आमच्याच घरची आहे. आणि तीत आमच्या घराची बाजू न्यायाची नव्हती, हेही आधीच सांगून टाकतो.

साल १९९० च्या सुमाराचे असेल. मी पाचवीत होतो. हिंगोली हा तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आमच्या शेताला लागून एका विधवा बाईचे शेत होते. आम्ही मुले तिला मावशी म्हणत असू. तिच्या शेतात जाणारी गाडीवाट आमच्या आखाड्यावरून जात असे. किती वर्षांची होती कोण जाणे. चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की पावसाळ्यात त्यांत बेडूक ओरडत. एका ज्येष्ठात, पहिला पाऊस पडल्याबरोबर, आमच्या थोरल्या चुलत्यांनी ती वाट नांगरून टाकली आणि वर कपाशी टोबली. कारण काय? तर मावशीच्या पोराने पोळ्याच्या दिवशी मानाच्या बैलावरून काही तरी शब्द काढला होता, आदल्या वर्षी!

मावशी आमच्या दारी आली. माझ्या आजीने तिला चहा दिला आणि म्हणाली, “पेरणी होऊ दे बाई, पोरांचा राग निवंल.” पेरणी झाली. मग गावातले चार शहाणे म्हणाले, “पीक उभं हाय, आता कशाला? दिवाळी होऊ द्या.” दिवाळीही झाली. मावशीने आपला कापूस डोक्यावर घेऊन, दुसऱ्याच्या धुऱ्यावरून, अर्धा कोस फेऱ्याने घरी आणला. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आमचा आखाडा ओलांडला की तिचे शेत लागते, आणि ती बाई ओझे घेऊन सारे शिवार फिरून येत होती. शेवटी संक्रांतीच्या सुमारास तिने तहसीलीत अर्ज दिला. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच: मुदत संपली होती.

श्रोतेहो, हा मुदतीचा मुद्दा नीट ध्यानात घ्या. आजच्या भाषणातली दुसरी एकही गोष्ट लक्षात राहिली नाही तरी चालेल, पण ही राहू द्या. मामलेदार न्यायालयाच्या कायद्यात, पाचव्या कलमात, स्पष्ट सांगितले आहे की, ज्या दिवशी अडथळा झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे. सहा महिने उलटले की या कायद्याने तहसीलदाराला तो दावा ऐकताच येत नाही. त्याच्या मनात दया असली तरी उपयोग नाही. ‘पेरणी होऊ द्या, दिवाळी होऊ द्या’ म्हणणारी माणसे वाईट नसतात. पण त्यांच्या सल्ल्यानेच सहा महिने निघून जातात. समेटाचा प्रयत्न जरूर करावा. मात्र अर्ज देऊन ठेवावा आणि मग समेट करावा. समेट झाला तर अर्ज काढून घेता येतो; गेलेली मुदत परत आणता येत नाही.

आता हे न्यायालय करते काय, ते पाहू. याचा अधिकार मर्यादित आहे, आणि ती मर्यादा समजली की त्याचे मर्म समजते. नाल्याचे किंवा पावसाचे नैसर्गिकपणे वाहणारे पाणी कोणी बेकायदा बांध घालून अडविले आणि त्यामुळे शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान झाले किंवा होण्याजोगे असले, तर तो अडथळा काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. शेतजमीन, चराऊ जमीन, झाडे किंवा उभे पीक यांचा ताबा कोणी बेकायदा हिसकावून घेतला असेल, तर तो परत देववू शकतो. विहिरीच्या, तळ्याच्या, पाटाच्या पाण्याचा वापर बंद पाडला असेल, तर तो पुन्हा चालू करवू शकतो. आणि शेताकडे जाणारा रस्ता किंवा वहिवाटीची वाट कोणी अडवीत असेल, तर त्याला मनाई करू शकतो.

यात मालकी कोणाची हा प्रश्न येत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. तहसीलदार एवढेच पाहतो की, कालपर्यंत या वाटेने गाडी जात होती काय, आणि आज ती कायद्याला सोडून अडविली गेली आहे काय. घर कोणाचे याचा निवाडा व्हायला दहा वर्षे लागोत. तोवर घरातली चूल विझता कामा नये, असा हा विचार आहे. पेरणी न्यायाधीशाच्या तारखेसाठी थांबत नाही. मृगाचा पाऊस पडला की चार-आठ दिवसांत बी भुईत गेले पाहिजे. म्हणून कायदे करणाऱ्यांनी वाट आणि पाणी यांपुरता एक जवळचा, थोड्या खर्चाचा आणि लवकर चालणारा मार्ग ठेवला.

कोणी विचारील, तहसीलदार हा तर सरकारी अंमलदार. त्याच्या हाती न्यायदान कशाला? प्रश्न योग्य आहे. आपल्या राज्यघटनेच्या पन्नासाव्या अनुच्छेदातही न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवावी, असेच मार्गदर्शन आहे. त्याचे उत्तर असे की, या न्यायालयाचा निर्णय शेवटचा नसतो. ज्याला तो मान्य नाही त्याने दिवाणी न्यायालयात जावे, आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला की तोच चालतो. तहसीलदाराच्या निर्णयावर या कायद्याने अपील नाही. पण जिल्हाधिकाऱ्याला कागद मागवून तो तपासता येतो, आणि हे काम बहुधा उपविभागीय अधिकारी करतात. म्हणजे लवकर निर्णयही आहे आणि चूक झाली तर वर दारही आहे. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. टंचाई, पूर, निवडणूक, दाखले, वसुली अशी शंभर कामे एकट्या तहसीलदाराच्या गळ्यात असतात. त्यामुळे लवकर चालावा म्हणून केलेला हा मार्गही कधी कधी रेंगाळतो. हा दोष कायद्याच्या अक्षरात नाही, व्यवस्थेत आहे. आणि तो दूर व्हावा असे म्हणण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे.

जुन्या काळी आपल्याकडे असे तंटे गोतसभेपुढे जात. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावचे जाणते लोक बसत, वादी-प्रतिवादीचे ऐकत आणि निवाड्याचा महजर लिहीत. त्यात एक मोठा गुण होता: तंटा जेथे झाला तेथेच त्याचा निवाडा होई आणि साक्षीदार शिवारातलेच असत. पण दोषही होता. ज्याचे गोत मोठे, त्याचा आवाज मोठा. गावकुसाबाहेरच्या माणसाला आणि एकट्या बाईला त्या सभेत किती न्याय मिळत असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. आमच्या मावशीला गावच्या चार शहाण्यांनी काय दिले ते मी सांगितलेच. कायद्याच्या न्यायालयाचे महत्त्व येथे आहे. तेथे अर्जदाराचे गोत विचारीत नाहीत.

आता अर्जाविषयी. अर्जात काय असावे? अर्जदाराचे आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण. वाट किंवा पाणी कोणत्या गटातून जाते. अडथळा कोणत्या तारखेला झाला. तो कसा झाला. आणि आपल्याजवळचे कागद व साक्षीदार कोण कोण. शेवटी ‘वरील मजकूर खरा आहे’ असे लिहून सही किंवा अंगठा. एवढेच. या कायद्यातले आठवे कलम मला फार आवडते. त्यात म्हटले आहे की, अर्जात हा तपशील नसेल, किंवा अर्ज उगाच लांबविलेला असेल, तर तहसीलदाराने अर्जदाराला शपथेवर विचारून राहिलेली माहिती स्वतः लिहून घ्यावी, आणि ती अर्जाचाच भाग समजावी. म्हणजे ज्याला लिहिता येत नाही, ज्याला कायद्याची भाषा येत नाही, त्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्याने सोय करून ठेवली आहे. अर्ज नीट नाही म्हणून परत पाठविणे हा न्याय नव्हे.

पुराव्यासाठी गावनकाशा पाहावा. गावनकाशात गाडीवाट तुटक अशा दुहेरी रेषांनी आणि पायवाट तुटक अशा एकेरी रेषेने दाखविलेली असते. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पाहणीचे कागदही उपयोगी पडतात. तलाठ्याचा पंचनामा, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब, आणि आता हातोहाती फोन आहेत, तर वाट मोडण्याआधीचे एखादे छायाचित्र, हे सारे जवळ ठेवावे. तारखेला हजर राहावे. अर्जदार हजर नसला तर दावा निकाली निघू शकतो, आणि सामनेवाला हजर नसला तर त्याच्या माघारी सुनावणी चालू शकते. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. तारखेचा शिक्का असलेली पोच म्हणजे सहा महिन्यांच्या आत आल्याचा पुरावा.

कागदाची भाषा हाही एक प्रश्न असे. माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीत जमिनीचे दोन कागद होते. दोन्ही उर्दूत. निजामाच्या राज्यात कचेरीची आणि न्यायालयाची भाषा उर्दू, आणि आमच्या घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती. आपल्याच जमिनीचा कागद आपल्याला वाचता येऊ नये, याचे दुःख त्या पिढीने भोगले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९६४ साली राज्याने राजभाषेचा कायदा केला, आणि पुढे १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी राहील अशी अधिसूचना निघाली. आज तहसीलदाराचा निर्णय आपल्याला मराठीत मिळतो. तो वाचावा. न कळला तर वाचून घ्यावा. वाचता येण्याजोगा कागद न वाचता पेटीत ठेवला, तर तो उर्दूत असला काय आणि मराठीत असला काय, सारखेच.

आता मावशीची हकीकत पुरी करतो. तिचा अर्ज मुदतीत नाही म्हणून गेला, त्या रात्री ती आमच्या शाळेच्या गुरुजींकडे गेली. गुरुजी परगावचे, शाळेच्याच खोलीत राहत. त्यांनी कंदिलाच्या उजेडात तिचा निकाल वाचला आणि म्हणाले, “मावशी, एक दार बंद झालं. दुसरं आहे.” हे दुसरे दार म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम. ही संहिता १९६६ सालची; ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि आपल्याकडचा निजामकाळातला १३१७ फसलीचा जमीन महसुलाचा कायदा तिने मागे पाडला. या कलमाने, ज्याच्या शेताला जायला वाट नाही, त्याला दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी वाजवी सोय हवी, हे ध्यानात घेऊन त्याने निर्णय द्यायचा असतो. या कलमात सहा महिन्यांची अट नाही.

दोन्हींतला फरक लक्षात ठेवावा. असलेली वाट अडविली, तर १९०६ चा कायदा आणि सहा महिने. वाटच नाही, धुऱ्यावरून मागायची आहे, तर १४३ वे कलम. या दुसऱ्या निर्णयाविरुद्ध वर अपील करता येते, किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पण दिवाणी दावा लावला की अपिलाचा मार्ग राहत नाही.

गुरुजींनी अर्ज लिहिला. उन्हाळ्यात तहसीलदार स्वतः जागा पाहायला आले. आमच्या आखाड्यावर बाजेवर बसले. आजीने त्यांनाही चहा दिला. थोरले चुलते म्हणाले, “इथं वाट नव्हतीच.” माझे वडील खाली मान घालून उभे होते. तहसीलदारांनी त्यांना विचारले, “तुमचं काय म्हणणं?” वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, आमच्या लग्नाची गाडी याच वाटंनं आली.” थोरल्या चुलत्यांनी पुढे दोन वर्षे वडिलांशी बोलणे टाकले. मावशीला धुऱ्यावरून वाट मिळाली. अर्धी आमच्या बाजूची, अर्धी पलीकडची. जुनी सरळ गाडीवाट मात्र गेली ती गेलीच. सहा महिन्यांत अर्ज आला असता तर तीच परत मिळाली असती.

आज त्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर जातो. हळद काढायला यंत्र येते, सोयाबीन काढायला यंत्र येते, आणि बैलगाडीपुरत्या वाटा अपुऱ्या पडू लागल्या आहेत. मे २०२५ मध्ये शासनाने निर्णय काढून शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असे सांगितले आहे. ही नोंद करून घ्यावी. तोंडी दिलेली वाट देणाऱ्या माणसाबरोबर जाते. नोंदलेली वाट मुलांनाही मिळते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात नोटीस आली की ती पहिल्यांदा तुमच्याकडे वाचायला येते. ती वाचून दाखविताना एवढे तीन प्रश्न विचारा: अडथळा कोणत्या तारखेला झाला? तेव्हापासून सहा महिने कधी पुरे होतात? आणि अर्जाची पोच घेतली काय? माणूस गरीब असेल तर त्याला सांगा की, १९८७ च्या कायद्याने तालुका विधी सेवा समितीकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, महसुली न्यायालयातल्या कामासाठीसुद्धा. आणि स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या मावशीसारख्या किती जणी आजही ओझे घेऊन शिवार फिरत असतील.

आणि शेतकरी बंधूंनो, या हंगामात वाट नांगरायचा विचार कोणाच्या मनात आला, तर त्या वाटेने आपल्या घरी कोण कोण आले होते, ते एकदा आठवून पाहा.